हिवाळाभर पॉवर स्टेशन वापरल्यानंतर : तक्रार मुख्यतः एकाच गोष्टीची

हजार वॅट-तासांच्या आसपासचे, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे पॉवर स्टेशन, म्हणजे घरातील उपकरणे जोडता येतील अशी सॉकेट असलेली, उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घेऊ इच्छिणाऱ्यांना त्याची क्षमता, वजन आणि सॉकेटची संख्या आधीच पाठ झालेली असते, म्हणून ती पुन्हा देत नाही. हिवाळ्यात वीज खंडित झाली तर घरातील सर्वांची रात्र नीट जावी, एवढ्याच हेतूने मी हे यंत्र घेतले. संपूर्ण हंगाम वापरल्यानंतर जी तक्रार उरली आहे, ती माहितीपत्रकात कोठेही ठळकपणे छापलेली नसते. जोडलेला भार फार कमी झाला, की आता घरात कोणालाच विजेची गरज उरलेली नाही असे हे यंत्र गृहीत धरते आणि काही वेळाने स्वतःहून बंद होते.

बॅटरी विनाकारण संपू नये म्हणून ही सोय दिलेली आहे, हे मला मान्य आहे. परंतु वीज गेलेल्या रात्री घरात नेमके काय चालू असते, याचा विचार ती ठरवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आमच्याकडे राउटर, जिन्याजवळचा छोटा एलईडी दिवा आणि दोन फोन एवढाच भार होता. फोन चार्ज होत होते तोवर सर्व ठीक होते. मध्यरात्रीनंतर ते पूर्ण भरले, भार दहा-बारा वॅटवर आला, काही वेळाने आतील रिलेचा ‘टक्’ असा आवाज झाला आणि पडद्यावर बॅटरी 82 टक्के भरलेली दाखवत असताना राउटर बंद पडला. हवामानाच्या इशाऱ्यांचे संदेश त्याच जोडणीवरून येतात. थोडक्यात, तीन-चारशे वॅटचे मिक्सर हे यंत्र बिनतक्रार फिरवते आणि रात्रभर दहा वॅट देण्याचे साधे काम मात्र त्याला जमत नाही.

यावर पहिला उपाय म्हणून मी जुना झिरोचा बल्ब जोडून ठेवला. नाव झिरोचे असले तरी तो बारा-पंधरा वॅट खातो, त्यामुळे भार मर्यादेच्या वर राहतो आणि यंत्र जागे राहते. वीज पुरवून वापरण्यासाठी एवढी रक्कम मोजायची आणि मग त्या यंत्राला झोप लागू नये म्हणून वीज जाळायची, हे मला शेवटपर्यंत पटले नाही. पुढे ही मर्यादा काढून टाकता येते असे समजले, परंतु त्यासाठी पुढच्या बाजूला बटण नाही. ती फोनवरील ॲपमधूनच काढावी लागते, आणि ॲप पहिल्यांदा उघडण्यासाठी खाते आणि इंटरनेट दोन्ही लागतात. ज्यांनी यंत्र खोक्यातून काढून थेट अंधारात वापरण्याचा बेत केला असेल, त्यांनी हे आधीच उरकून घ्यावे. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतील सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यानंतर माझी ‘कधीही बंद करू नये’ ही निवड पुसली जाऊन मूळची दोन तासांची निवड परत आली होती, तेव्हा तेही दर वेळी तपासावे.

येथपर्यंत माझे मत असे होते, की ॲपमधील एक ओळ बदलली की प्रश्न मिटतो. तसे झाले नाही. मर्यादा काढल्यानंतर यंत्र रात्रभर चालू राहिले खरे, पण सकाळी बॅटरी माझ्या हिशेबाच्या दुपटीहून अधिक उतरलेली दिसली, आणि तेव्हा मूळ दोष कोठे आहे ते कळले. बॅटरीतील डीसी विजेची घरगुती सॉकेटसारखी एसी वीज करणारा आतला इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी पंधरा वॅटच्या आसपास वीज खातो. म्हणजे दहा वॅटच्या राउटरसाठी बॅटरीतून पंचवीस वॅट जातात, आणि बारा तासांत तीनशे वॅट-तास संपतात. शिवाय राउटरचा अडॅप्टर तीच एसी वीज पुन्हा 12 व्होल्टच्या डीसीत बदलतो. हा द्राविडी प्राणायाम टाळण्याचा मार्ग यंत्राच्या पुढेच होता. मोटारीत असते तसे 12 व्होल्टचे गोल सॉकेट त्याला आहे आणि राउटर त्यावर थेट चालतो. तेथे इन्व्हर्टर बंद ठेवता येतो, आणि त्याच बारा तासांना साधारण दीडशे वॅट-तास पुरतात. फक्त केबल घेण्यापूर्वी राउटरच्या मूळ अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा आणि पिनच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे दाखवणारे चिन्ह पाहावे. काही राउटर 9 व्होल्टचे असतात आणि ते 12 वर जोडले तर जळू शकतात. एका साध्या केबलने बॅटरी जणू दुप्पट झाली. जादा बॅटरी घ्या असे विक्रेता सुचवत होता, तो खर्च वाचला, म्हणून राग थोडा निवळला.

थोडाच निवळला, कारण मधल्या काळात ग्राहक सेवेशी झालेला वाद अजून विसरलेलो नाही. कडाक्याच्या थंडीत यंत्र गॅरेजमध्ये होते आणि वीज परत आल्यावर ते चार्जच होईना. पडद्यावर फक्त एक सांकेतिक आकडा येत होता. फोनवर मला केबल काढून पुन्हा लावण्यास सांगण्यात आले, नंतर सॉकेट बदलण्यास, नंतर बिलाची प्रत पाठवण्यास आणि शेवटी ते अवजड यंत्र बांधून स्वखर्चाने सर्व्हिस सेंटरला धाडण्यास. तुमच्याकडे तापमान किती आहे, हा एकच प्रश्न कोणी विचारला नाही. या जातीची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर लिथियम ऋण टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, त्याने क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्ट होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून आतील नियंत्रण प्रणाली चार्जिंग रोखते, आणि ते योग्यच आहे. वीज देण्याचे काम मात्र ती शून्याखालीही करते, जरी क्षमता काहीशी कमी मिळते. यंत्र घरात आणून काही तास उबेला ठेवले आणि ते निमूटपणे चार्ज होऊ लागले. यंत्र निर्दोष होते. परंतु ‘बॅटरी थंड आहे’ एवढे तीन शब्द त्या पडद्यावर मावत नव्हते काय?

घरात कशासाठी वापरावे, याचा अंदाज एकदा कागदावर आकडेमोड केली की येतो. दीड हजार वॅटचा हीटर अर्ध्या तासाच्या आसपास सारी बॅटरी फस्त करतो, तेव्हा घर तापवण्याची अपेक्षाच करू नये. विजेचे ब्लँकेट कमी तापमानावर पन्नास-साठ वॅट घेते आणि पांघरुणाखाली तेवढी ऊब पुरते. सर्वांनी एकाच खोलीत झोपावे, दाराखालची फट कापडाने बुजवावी, हे त्याहून स्वस्त. जाहिरातीत फ्रिज हमखास दाखवतात, पण दार उघडले नाही तर फ्रिज सुमारे 4 तास आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास थंड राहतो, त्यामुळे लहानसहान खंडासाठी त्यावर बॅटरी खर्च करण्याचे कारण नाही. आमच्याकडे खरी गरज आहे ती वडिलांच्या सीपॅप मशीनची, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची. बाष्प देणारा भाग बंद ठेवला की ते मशीन फार कमी वीज घेते आणि रात्र सहज निघते. मात्र दाब कमी असताना त्याचा भार याच आपोआप बंद होण्याच्या मर्यादेजवळ येतो! मी एका क्षुल्लक सोयीवर इतके का लिहीत आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. ते मशीनही आता डीसी केबलवर चालते.

सौर पॅनेल मी घेतले नाही. ज्या काळात ते लागणार त्याच काळात दिवस लहान, सूर्य खाली आणि पॅनेलवर बर्फ, असा हिशेब असतो. मोटारीच्या सॉकेटवरून शंभर वॅटच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे पूर्ण भरण्यास दहा तास इंजिन चालू ठेवावे लागेल, आणि तेही बंद गॅरेजमध्ये कदापि नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज गेली, तेव्हा माणसे गारठून तर दगावलीच, पण ऊब मिळवण्याच्या धडपडीत कार्बन मोनॉक्साइडनेही दगावली. या वायूला रंग नाही, वास नाही. जनरेटर असलाच तर तो दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर उघड्यावर ठेवावा आणि घरात स्वतःच्या बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. त्याच्या मागच्या बाजूस छापलेली मुदतही वाचावी, कारण सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. या बाबतीत पॉवर स्टेशनला माझे पूर्ण गुण: ते धूर सोडत नाही, म्हणून पलंगाशेजारी ठेवता येते.

बाकीची तयारी यंत्राइतकी महाग नाही. मेणबत्त्यांऐवजी प्रत्येकाला डोक्यावर बांधायचा टॉर्च दिला आणि त्यात अल्कलाइन नव्हे तर लिथियमचे सेल घातले, कारण ते थंडीत टिकतात आणि पडून राहिल्याने गळत नाहीत. मोबाइल टॉवरांची राखीव वीज काही तासांत संपू शकते, म्हणून हाताने फिरवायचा रेडिओ आहे. माणशी दररोज 4 लीटर पाणी साठवले आहे. एका संध्याकाळी मुख्य स्विच बंद करून सर्वांची रंगीत तालीम घेतली, तेव्हा डीसी केबल कोणत्या खणात आहे हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नसल्याचे उघड झाले. आता ती यंत्राच्या मुठीलाच बांधलेली असते.

पाचपैकी साडेतीन तारे देत आहे. बॅटरी चांगली आहे आणि हिवाळ्यात उबदार खोलीत पूर्ण भरून ठेवली तर विश्वास ठेवावा अशी आहे. एक तारा ग्राहक सेवेचा कापला आणि अर्धा त्या आपोआप बंद होण्याचा. नव्या फर्मवेअरची सूचना ॲपमध्ये पुन्हा झळकू लागली आहे, परंतु निवड पुसली जाण्याचा दोष त्यात दुरुस्त केला आहे असे कोठेही लिहिलेले नाही, तेव्हा थंडी ओसरेपर्यंत मी ते घालणार नाही.