गटाला इन्सेंटिव्ह की ज्याचा त्याला? मराठवाड्यातल्या छोट्या कारखानदारासाठी

वाळूजला किंवा जालन्यात वीस-पंचवीस माणसांचं वर्कशॉप चालवायचं तर दोन प्रश्न लवकर येतात. इन्सेंटिव्ह माणशी द्यायचा की गटाला, आणि भरती ओळखीतून करायची की बाहेरून. पहिल्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यावर ठरतं.

माणशी इन्सेंटिव्ह
लेथ, ड्रिलिंग अशा कामात, जिथे प्रत्येकाचे नग वेगळे मोजता येतात, तिथे हाच बरा. पण एकाच गावची पोरं असतील तर तेज कामगार काही आठवड्यांत हात आखडतो. जास्त नग काढले की डबा खाताना "लई शहाणा झालास का?" ऐकावं लागतं, आणि संध्याकाळी त्याच गाडीवर गावाकडं जायचं असतं. शिवाय जुना माणूस नव्याला शिकवत नाही; शिकवण्यात त्याचेच नग बुडतात.

गटाचा इन्सेंटिव्ह
असेंब्ली, पॅकिंगला हाच चालतो. ख्रिस्तोफर अर्ली यांनी 1993 मध्ये चिनी, इस्रायली आणि अमेरिकी मॅनेजरांवर केलेला अभ्यास इथं उपयोगी आहे. समूहाला मानणारी माणसं आपल्या माणसांच्या गटात जास्त काम करत होती. एकटी किंवा परक्या गटात ठेवली की त्यांचं काम घटत होतं. म्हणजे नुसता गट पाडून भागत नाही, तो त्यांना आपला वाटला पाहिजे. गट सहा ते आठ जणांचाच ठेवा. पंधरा झाले की कोण अंग चोरतंय ते दिसत नाही.

हिशोब फक्त चांगल्या नगांवर करा. टार्गेटच्या वर 2,000 नग निघाले, त्यातले 150 रिजेक्ट, दर 2 रुपये, तर 1,850 नगांचे 3,700 रुपये. आठ जणांत माणशी 462.50. दंड लावू नका, खराब नग मोजूच नका. वीस किंवा जास्त कामगार असतील तर कायद्याचा किमान 8.33 टक्के बोनस वेगळा द्यावा लागतो. या पैशात तो धरू नका.

भीड कुठे नडते
जो जिव्हाळा काम करून घेतो, तोच चूक झाकतो. चेकर गटातलाच असेल तर चुलतभावाचा खराब नग 'ओके' होतो, आणि तो चव्हाट्यावर येतो ग्राहकाच्या गेटवर. त्यात लबाडी कमी, भीडच जास्त. म्हणून तंबी देऊन उपयोग नाही, जागा बदलावी लागते. चेकर, स्टोअर आणि भंगाराचा काटा यांवर गटाबाहेरचा माणूस ठेवा. ऑर्डर देणारा आणि माल उतरवून घेणारा एकच नको.

ओळखीची भरती
माणूस लवकर मिळतो, टिकतो, आणि आणणाऱ्याचा शब्द अडकलेला असल्यानं खाडे कमी होतात. मात्र लगनसराईत एका लग्नाला सगळी लाइन जाते. आमच्या मते एका शिफ्टमध्ये एका गावची माणसं एक तृतीयांशच्या वर नसावीत. सगळे एकाच भावकीतले असतील तर आधी शिफ्ट बदला, इन्सेंटिव्ह नंतर.

उचल, म्हणजे पगारापोटी आगाऊ दिलेले पैसे, मात्र गटाच्या म्होरक्याच्या हाती देऊ नका. ऊसतोडीत मुकादमाकडून उचल येते तेव्हा माणूस मुकादमाचा होतो. कारखान्यातही तसंच होईल. ज्याची त्याच्या खात्यावर द्या, सही घ्या. पगारातली एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये, ही कायद्याची मर्यादा आहे.