चांदीच्या नॅनोकणांसाठी तुळस की कडुनिंब?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला चांदीचे नॅनोकण घेतले की पुण्यात बहुतेकांचं घोडं याच दोन झाडांपाशी अडतं. मी दोन्ही करून पाहिली. कण दोन्हींनी होतात. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये पाल्याचा अर्क घातला की द्रावण पिवळं, मग तपकिरी होतं आणि यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर) ४००-४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शिखर दिसतं.

तुळशीची एक गोष्ट मला मनापासून आवडली. माझ्याकडे तिचा अर्क फिकट निघायचा, त्यामुळे रंग पालटताना नुसत्या डोळ्यांना कळायचं. कडुनिंबाचा अर्क मुळातच गडद. त्याला अर्काचा ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी चांदीविना नुसता अर्क, लावल्याशिवाय भरवसा नाही.

पण मला जेरीस आणलं ते तुळशीच्या पाल्याने. मंडईतल्या जुडीत हिरवी नि काळी तुळस एकत्र, निम्म्या काड्यांना मंजिऱ्या, वरून पाणी मारलेलं. त्या पाण्यातलं क्लोराइड राहिलं तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो, म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानेच. कुंडीतली घ्यावी तर वाळल्यावर मूठभरही उरत नाही. म्हणजे दर खेपेला नवा पाला आणि सरकलेलं शिखर. ‘मागच्यासारखेच कण परत करून दाखव,’ असं गाइडनी म्हटलं की पोटात गोळा यायचा.

कडुनिंबाची एकाच झाडाची एक फांदी उतरवली, पाला सावलीत वाळवून भुकटी हवाबंद बरणीत भरली, की प्रोजेक्टभर तीच पुरते. फक्त पाडव्याच्या सुमाराची तांबूस पालवी नको, जून पाला घ्या. शिवाय कडुनिंबाच्या पाल्यापासून सोन्या-चांदीचे नॅनोकण केल्याचा पाषाणच्या एनसीएलचा (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा) २००४ चा शोधनिबंध ताडून पाहायला हाताशी असतो.

घरची एकाच जातीची भरपूर तुळस असेल, तर कडुनिंबच घ्या हे माझं म्हणणं कदाचित तुम्हाला लागू पडणार नाही.

झाड कुठलंही घ्या, जिवाणूंच्या प्लेटवर नुसता अर्क आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट यांच्या वेगळ्या विहिरी (द्रावण भरायची छोटी भोकं) हव्यातच. दोन्ही वनस्पती स्वतःच जिवाणूरोधक आहेत आणि उरलेले चांदीचे आयनही जंतू मारतात. कण सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून तळाशी बसवून) धुतले नाहीत, तर प्लेटवरचं जंतू न वाढलेलं वर्तुळ नेमकं कुणाचं हे सांगता येत नाही. आणि हे द्रावण औषध म्हणून कुणाला प्यायला देऊ नका. चांदी शरीरात साठत गेली तर त्वचा कायमची निळसर-राखाडी पडते.