हत्यारांच्या खणात कप्पे: ग्रिड, फोम की प्लाय?

भोसरीला आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या मुलाने नवी सात खणांची हत्यारपेटी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी विचारत आला, "दादा, आत कप्पे कशाचे करू?" माझ्या पेटीत तिन्ही प्रकार आहेत, म्हणून मी त्याला खण उघडून दाखवले. हाच प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी इथे सविस्तर लिहितोय.

काहीही ठरवण्याआधी त्या खणातलं सामान किती वेळा बदलतं ते बघा. पैशांचा विचार त्यानंतरचा. पान्यांचा सेट वर्षानुवर्षं तोच राहतो. स्क्रू, वॉशर, सर्क्लिप, ओ-रिंग मात्र प्रत्येक कामागणिक वाढतात, संपतात, जागा बदलतात. या दोघांना एकच उपाय लावला की कुठला तरी खण महिन्याभरात पुन्हा भंगाराच्या पोत्यासारखा होतो.

बदलत्या सामानासाठी मी थ्रीडी प्रिंटरवर केलेला ग्रिड निवडला. झॅक फ्रीडमन या यूट्यूबरने २०२२ मध्ये ग्रिडफिनिटी ही पद्धत सगळ्यांसाठी मोफत खुली केली. खणाच्या तळाला ४२ मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी बसवायची आणि त्यावर डबे ठेवायचे. एका घराचा, म्हणजे एका चौकोनावर बसणारा डबा ४१.५ मिलिमीटरचा असतो, म्हणून तो अडकत नाही आणि खडखडतही नाही. उंची ७ मिलिमीटरच्या पटीत वाढते. एक घर, दोन घरं, तीन गुणिले दोन, हवा तसा डबा प्रिंट करा, उचला, दुसरीकडे ठेवा.

हिशोब कसा मांडायचा ते माझ्याच खणावरून सांगतो. आतली रुंदी ५६५, खोली ४०० आणि उंची ७५ मिलिमीटर. रुंदीत १३ घरं बसली आणि १९ मिलिमीटर उरले; खोलीत ९ घरं आणि २२ उरले. म्हणजे एका खणात ११७ घरं. माझ्या प्रिंटरचा बेड, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट, २२० मिलिमीटरचा, त्यावर पाच घरांची, म्हणजे २१० मिलिमीटरची जाळी मावते. म्हणून १३चे ५, ४, ४ आणि ९चे ५, ४ असे भाग पाडून सहा तुकड्यांत तळ केला. उरलेली जागा दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटून तिथे प्लायच्या पट्ट्या ठोकल्या. उंचीत ९ एकक, म्हणजे ६३ मिलिमीटरचे डबे घेतले. वरचा काठ आणि तळाची जाळी यांना उरलेली जागा पुरली.

डब्याच्या पुढच्या भिंतीला आतून गोलाई द्या. एम-३चा, म्हणजे ३ मिलिमीटरच्या स्क्रूचा वॉशर सपाट तळाच्या डब्यातून नखाने काढायचा प्रयत्न करून बघा, तो नुसता कोपऱ्यात पळतो. गोलाई असली की बोटाने पुढे ओढलेला वॉशर आपोआप काठावर येतो. एवढ्याशा बदलाने रोजची किती चिडचिड वाचते, ते वापरल्यावरच समजतं.

मटेरियलही विचार करून घ्या. पीएलए हे प्लॅस्टिक छापायला सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी राहणार असेल तर ते नको, त्याहून जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी घ्या. स्वतःचा प्रिंटर नसला तर बाहेरून छापून मिळतं, पण आधी दोन गुणिले दोनची जाळी आणि एकच डबा मागवा. मी एकदम चाळीस डबे छापायला दिले, त्यांच्या मशीनचं माप किंचित वाढत होतं, आणि प्रत्येक डबा हातोडीच्या दांड्याने ठोकून बसवायची वेळ आली. ते सगळे पुन्हा करावे लागले.

फोमचं गणित याच्या उलट आहे. दोन रंगांचे थर चिकटवलेला शीट घ्यायचा, वर काळा, खाली पिवळा किंवा लाल. प्रत्येक हत्याराचा आकार वरच्या थरात कापायचा. पाना जागेवर नसला की पिवळा आकार लगेच डोळ्यांत भरतो. ज्यांच्याकडे फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत पाळतात, त्यांना हत्यारांचे आकार रंगवलेला शॅडो बोर्ड नवीन नाही, हा त्याचाच खणातला भाऊ. संध्याकाळी शेड बंद करताना खण उघडून एक नजर टाकली की मोजदाद झाली. मशीनच्या आत पाना विसरून ती सुरू केली तर काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

माझं व्हर्निअर आणि मायक्रोमीटर फोममध्येच असतात आणि तिथेच राहतील. धातूवर धातू घासत नाही, खण जोरात लावला तरी काही आपटत नाही. आकार काढायला हत्यार ए-फोर कागदावर ठेवून बरोबर वरून फोटो घ्या. कागद २१० गुणिले २९७चा असल्यामुळे त्यावरून फोटोतल्या हत्याराचं माप लावता येतं. बोट घालायला अर्धगोल खाच विसरू नका, नाहीतर पाना काढायला दुसरा पाना लागेल. अडचण एकच, पण मोठी: नवं हत्यार आलं की त्याला जागा नाही. शिवाय डिझेल-पेट्रोल लागत राहिलं तर ईव्हीए प्रकारचा फोम फुगतो, तेव्हा हत्यारं पुसूनच ठेवावी लागतात.

प्लायला लोक जुनाट समजतात, मला मात्र तो आवडतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ६ मिलिमीटरचा तुकडा आणा, पट्ट्या कापा, अर्ध्या उंचीपर्यंत खाचा पाडून एकमेकांत अडकवा. सहाचा म्हणून मिळालेला प्लाय बरेचदा सहा भरत नाही, म्हणून खाच पाडण्याआधी व्हर्निअर लावा. लांब पट्ट्यांवर ठराविक अंतराने कंगव्यासारख्या खाचा ठेवल्या तर आडव्या पट्ट्या सरकवता येतात. हातोड्या, पाइप पाना, मोठी पक्कड, कानशी असल्या जड सामानाला याच्याइतकं स्वस्त आणि दणकट दुसरं काही नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, मात्र घेऊ नका. शेडमध्ये पावसाळ्यात गळती झाली की तो फुगतो, आणि फुगलेला पुन्हा मूळ मापाला येत नाही.

बोहरी आळीत तयार प्लॅस्टिकचे डबेही मिळतात. घाई असेल तर आणा, पण तुमच्या खणाच्या मापाला ते क्वचितच नेमके बसतात आणि कडेची जागा वाया जाते.

त्या मुलाला मी सांगितलं ते असं: वरच्या दोन खणांत मापाची साधनं आणि पाने, तिथे फोम. मधल्या तीनांत सुटं सामान, तिथे ग्रिड. पण आधी एकच खण कर, महिनाभर वापर, मग पुढचे छाप. खालच्या दोनांत जड हत्यारं, तिथे प्लाय, आणि खण ज्यावर सरकतो ते चॅनल किती वजन पेलतं ते भरण्याआधी बघून घे. हातात फक्त एका खणापुरते पैसे असतील तर प्लायपासून सुरुवात कर. खणाचं माप पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी घे. माझ्या एका खणाची रुंदी मागच्या बाजूला ३ मिलिमीटरने कमी निघाली. सगळ्यात लहान माप धरायचं.