कूलिंग टॉवरचं पाणी: क्लोरीन-ब्रोमीन की यूव्ही दिवा?

१९७६ साली फिलाडेल्फियात लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ पसरली आणि त्यातूनच लीजनेला (Legionella) या जिवाणूचं नाव आलं. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो, म्हणजे नेमका कूलिंग टॉवरच्या, म्हणजे एसी किंवा कारखान्यातलं गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या मनोऱ्याच्या, पाण्यात. तिथून उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की धोका.

त्याला मारायला क्लोरीन-ब्रोमीन वापरायचं की यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा? यूव्ही दिव्याचं आकर्षण मला समजतं. रसायन साठवायला नको, धातू गंजायची भीती नाही. पण तो दिव्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातलेच जिवाणू मारतो. पुढे पाइपात, फिलवर (टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या थरांवर), टाकीच्या तळाशी जो बुळबुळीत थर साचतो, त्याला तो हातही लावत नाही. लीजनेला तर त्या थरातच, अमीबांच्या पोटातही, सुखाने वाढतो. शिवाय पाणी गढूळ असलं किंवा दिव्यावर क्षार चढले की किरण पोचतच नाहीत.

क्लोरीन पाण्यासोबत सगळीकडे फिरतं आणि शिल्लक राहून काम करत राहतं. मात्र पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो, आणि टॉवरचं पाणी बहुधा तसंच असतं. तिथे ब्रोमीन बरं. मात्रा जास्त झाली तर गंज लागतो, म्हणून रोज मोजणं आलंच.

मी ब्रोमीनच निवडेन. यूव्ही हवा तर जोडीला लावा, एकटा नको. थर खरवडून काढणं आणि तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर शाबूत ठेवणं मात्र दोन्हीकडे चुकत नाही.