डिसग्राफिया असलेल्या मुलासाठी घेतलेली साधनं : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलगा सहावीत आहे. डिसग्राफिया (हाताने लिहिणंच अवघड जातं) आणि जोडीला डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ बसत नाही). तोंडी काहीही विचारा, धडाधड सांगतो. लिहायला बसला की चार ओळींत हात भरून येतो.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती साधी मोठ्या चौकटींची वही. भागाकार करताना त्याचे आकडे सरकत सरकत शेजारच्या घरात जायचे, दशकाखाली शतक यायचं आणि उत्तर चुकायचं. गणित त्याला येत होतं, चुकत होती ती जागा. एका चौकटीत एकच अंक, एवढ्या नियमाने निम्मी रड संपली. बारीक चौकटींची वही मात्र घेऊ नका, अंक मावत नाहीत.

लिहायला तिरपा बोर्ड ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंनी सुचवला. साधारण 20 अंशांचा उतार असला की मनगट आपोआप नीट टेकतं, मूल वहीवर ओणवं होत नाही. विकतचे बोर्ड महाग वाटले, म्हणून जाड कण्याची बॉक्स फाइल आडवी ठेवली. काम तेच होतं. रबरी ग्रिपचे पैसे मात्र वाया गेले: घामाने ती फिरते. त्यापेक्षा जाड तिकोनी पेन्सिल बरी.

निबंधासाठी जीबोर्डचं (गूगलच्या मोबाइल कीबोर्डचं) मराठी व्हॉइस टायपिंग, म्हणजे बोललेलं आपोआप टाइप होतं. ‘माझी आजी’वर पाच ओळींत उरकणारा मुलगा आजीच्या गोधडीपासून तिच्या तपकिरीपर्यंत बोलत सुटला. इतकं त्याच्या मनात होतं, हे मलाही नवीन होतं! पण विरामचिन्हं हाताने घालावी लागतात, आणि गोंगाटात भलतेच शब्द उमटतात. वर्गात उपयोग नाही.

भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं अ‍ॅप, फुकट आहे. कंपास न निसटता वर्तुळ निघतं, त्यामुळे त्रिज्या-जीवा डोक्यात बसल्या. कागदावर काढताना खाली जाड पुठ्ठा ठेवतो, टोक रुतून बसतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिसग्राफिया त्यातच येतो. परीक्षेतल्या सवलतींना सरकारी दाखला लागतो, त्यासाठी दहावीपर्यंत थांबू नका. लेखनिकाला सांगून लिहून घ्यायचाही सराव लागतो.

सध्या इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टायपिंगचा कीबोर्ड, शिकवतेय. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, ही विभागणी त्याला झेपतेय असं दिसतंय. वेग अजून फार कमी आहे.