ॲक्सलच्या नटावरची माती तशीच होती

माझ्याकडे २०१२ सालची हिरो इम्पल्स मोटारसायकल आहे. पावसाळ्यानंतर तिचा मागचा ड्रम ब्रेक (चाकाच्या मधल्या डब्याला आतून घासून गाडी थांबवणारा) पकडून राहू लागला. गाडी ढकलताना जड जाई आणि दहा किलोमीटरांत ड्रमला हात लावता येत नसे. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले की आतले सगळेच गेले आहे. या गाडीचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली असल्याने भाग मुंबईहून मागवावे लागतील, हे त्याचे म्हणणे मला खरे वाटले, आणि माझ्या जागी कोणालाही वाटले असते. लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) ४८०, बेअरिंग ८५०, ड्रमची घसाई ७००, कॅमसह (लायनर ड्रमवर दाबणारा फिरता भाग) ब्रेक प्लेट १,१५० आणि मजुरी १,२०० असे ४,३८० रुपये त्याने घेतले. बिल दिले नाही. जुने भाग भंगारात गेले म्हणाला. तिथेच अडून बसायला हवे होते.

गाडी ताब्यात घेताना मी ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, नटाकडे पाहिले होते. त्यावर तांबडी माती वाळून घट्ट बसलेली होती, तिला पान्याचा साधा ओरखडाही नव्हता. चाक काढल्याशिवाय बेअरिंग बदलता येत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही दिवसभराच्या कामानंतर, दुकान बंद होण्याच्या घाईत, मी पैसे देऊन निघालो. त्या मातीचा विचार आजही मनातून जात नाही.

ताम्हिणी घाटात ड्रम पुन्हा तापला. घरी चाक उघडले तेव्हा आत जुनेच लायनर होते, आणि ते पुरेसे जाडही होते; लायनर झिजले म्हणून ब्रेक असा पकडून राहत नाही, हे तेव्हाच ओळखायला हवे होते. खरा दोष कॅमच्या दांड्यावरच्या गंजाचा होता. ब्रेक सोडल्यावर कॅम मागे फिरत नव्हता. पॉलिश पेपरने दांडा साफ केला, बोटाच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावले, कारण ते लायनरवर गेले तर ब्रेकच लागत नाही, आणि पेडलला सुमारे २५ मिलिमीटर मोकळी चाल ठेवली. खर्च ६० रुपये आला. गाडी गॅरेजला देण्यापूर्वी लायनरवर रंगाची खूण करा, म्हणजे ते खरेच बदलले का हे नंतर कळते.

पोलीस चौकीत तक्रार घेऊन गेलो, तर सांगितले की हा दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. पुन्हा चौकीत गेलो तेव्हा लेखी अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. बिल न देणाऱ्याविरुद्ध बिलाशिवाय तक्रार ऐकायची नाही, तर माणसाने दाद मागायची तरी कुठे? यूपीआयची नोंद आणि उघडलेल्या चाकाचे व जुन्या लायनरचे फोटो मी जपून ठेवले आहेत. गॅरेजवाल्याला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले, त्याचेही उत्तर आलेले नाही.