सुनेची कॅनडाची फाईल: जवळचा एजंट की तिकडचा लायसन्सधारक सल्लागार?

मुलगा कॅनडात कायमचा रहिवासी झाला की पत्नीला तिकडे नेण्यासाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज करावा लागतो, आणि रत्नागिरी-चिपळूणकडच्या घरांत फाईल कोणाकडे सोपवावी यावर बराच खल होतो. आमच्या सुनेच्या वेळी आम्ही इथला एजंट आणि कॅनडातली लायसन्सधारक सल्लागार, दोघांकडेही गेलो होतो.

एजंटाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो मराठीत बोलतो, फी हप्त्याने घेतो आणि आपली कागदपत्रे त्याला सांगावी लागत नाहीत. सुनेच्या जुन्या पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, आधार कार्डावर नवऱ्याचे आणि आडनावही बदललेले. परक्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात, म्हणून प्रतिज्ञापत्र जोडायला हवे, हे त्याने कागद पाहताक्षणी सांगितले. कॅनडातल्या बाईंना तीच गोष्ट आम्हाला सविस्तर समजावून द्यावी लागली.

माझे मन फिरले ते ई-मेलमुळे. एजंटाने कॅनडा सरकारच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर सुनेच्या नावाने खाते उघडले, पण त्यात ई-मेल आणि मोबाईल नंबर स्वतःचा घातला. भरलेल्या फॉर्मची प्रत मागितली तर "कशाला हवी, मॅडम? सगळं आमच्याकडे सेफ आहे," एवढेच उत्तर. प्रतिनिधी नेमल्याचा ५४७६ क्रमांकाचा फॉर्म त्याने भरलाच नव्हता, आणि त्याचे कारण उघड आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ९१ व्या कलमानुसार पैसे घेऊन असे काम करण्याची मुभा मुख्यतः तिथले वकील, क्यूबेक प्रांताचे नोटरी आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचे (म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचे) लायसन्सधारक सदस्य यांनाच आहे. बाकीच्यांना पडद्याआड राहूनच काम करावे लागते. अर्जात काही खोटे गेले तर मात्र ठपका अर्जदारावर येतो आणि पाच वर्षांची बंदी लागू शकते. शंका विचारणारे पत्र आले, तर ते एजंटाच्या इनबॉक्समध्ये पडणार आणि उत्तराची मुदत सुनेची संपणार, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. अर्ज दाखल होण्यापूर्वीच आम्ही कागद परत घेतले. सगळेच एजंट असे वागतात असे मी म्हणणार नाही, पण प्रत मागून पाहावी. उत्तरावरून बरेच कळते.

लायसन्सधारक बाईंचा क्रमांक कॉलेजच्या जाहीर नोंदवहीत पाहता आला. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ पासून सल्लागारांचे नियमन करते आणि तिथे तक्रारही करता येते. त्यांनी लेखी करार पाठवला, ५४७६ वर सह्या घेतल्या आणि पूर्ण मसुदा सुनेला वाचायला दिला. लग्नाची तारीख मुहूर्ताची लिहिली आहे की ग्रामपंचायतीत नोंद झाली त्या दिवसाची, हेही त्यांनी विचारले. फी डॉलरमध्ये, त्यामुळे जड वाटते, आणि वेळेच्या फरकामुळे बोलणे रात्रीच होते. तरी आपल्या नावाने काय लिहिले जात आहे ते दिसते, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोल फीच्या फरकापेक्षा अधिक आहे.

पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल किंवा एखादा खटला असेल, तर थेट कॅनडातला वकील गाठणे बरे, कारण प्रकरण तिथल्या फेडरल कोर्टात गेले, तर सल्लागाराला तिथे उभे राहता येत नाही. कागद सरळ असतील आणि इंग्रजी फॉर्म शांतपणे वाचण्याची सवय असेल, तर कोणालाही न नेमता अर्ज करता येतो; फॉर्म आणि मार्गदर्शिका सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

आमच्याप्रमाणे कामाची वाटणीही करता येईल. विवाह नोंदणीच्या दाखल्याचे भाषांतर आणि प्रतिज्ञापत्रे आम्ही रत्नागिरीतच करून घेतली. मात्र भाषांतर अर्जदार, नातेवाईक किंवा प्रतिनिधी यांनी केलेले चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे. कोणाकडेही गेलात तरी ई-मेल अर्जदाराचाच द्यावा आणि दाखल केलेल्या प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवावी.